सोलापुरातील एए सभा: दार उघडे आहे, पण ते सापडायला हवे

दारू सोडू पाहणाऱ्या माणसासाठी आपल्या सोलापुरात एखादी सभा भरते का, भरत असेल तर कोठे आणि कोणत्या वारी, एवढा साधा प्रश्न विचारायला मला लग्नानंतरची सतरा वर्षे लागली आणि त्याचे उत्तर मिळायला आणखी पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांचा आणि त्यानंतरच्या सव्वा वर्षाचा हा अभिप्राय आहे. मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि माझे यजमान टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात रंगखात्यात कामाला आहेत. त्यांनी हे लिखाण वाचले आहे आणि त्यांच्या संमतीनेच ते देत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे सगळे ज्याला नुसते एए म्हणतात त्या संघटनेच्या, ज्या गटात ते जातात त्याचे नाव मी लिहिलेले नाही, कारण गट ओळखला की आम्हीही ओळखले जाऊ आणि आमच्याबरोबर तेथे बसणारी इतर माणसेही. सभा शोधायची कशी हे मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण माझे कौतुक आणि माझी तक्रार ही दोन्ही त्या शोधाशीच जोडलेली आहेत.

आधी एक गोष्ट सांगते, जी कोणीतरी आम्हाला वेळेवर सांगायला हवी होती. गेल्या वर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी, यजमानांनी देवघरातल्या स्वामी समर्थांच्या तसबिरीपुढे हात जोडले आणि त्याच क्षणापासून दारू बंद केली. आम्ही सगळे आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला, आणि तिसऱ्या रात्री ते पांघरलेली चादर पुन्हा पुन्हा झटकू लागले, कारण त्यांना तिच्यावर मुंग्यांची रांग दिसत होती. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी समजावले की वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, आणि वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. त्यांना दाखल करून घेतले, झोपेची आणि शांत करणारी औषधे बेताबेताने दिली, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली आणि आठव्या दिवशी घरी सोडले. म्हणून जे कोणी सभा शोधत आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की रोज पिणाऱ्या माणसाला शपथेवर अचानक थांबवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. सभा म्हणजे रुग्णालय नव्हे, आणि सभेतली माणसेही तसा दावा करत नाहीत.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, ‘‘अंगातली दारू आम्ही उतरवली आहे. आता सोडलेल्या माणसांत जाऊन बसा.’’ ही माणसे कोठे बसतात, हे मात्र त्या गडबडीत आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

दारू सुटण्याविषयीची जाहिरात शोधावी लागत नाही. शहराबाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावरच्या कंपाऊंडच्या भिंतीवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असे ठळक अक्षरांत रंगवलेले असते. त्यांतल्या एका नंबरवर मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसाने चहात किंवा आमटीत मिसळायची पावडर कुरिअरने पाठवतो असे सांगितले आणि त्यात काय आहे हे विचारल्यावर फोन ठेवून दिला. दारूशी प्रतिक्रिया होऊन उलट्या, धडधड आणि रक्तदाब कोसळणे घडवणारे डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. पण ते रुग्णाच्या संमतीने, पूर्ण माहिती देऊन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे असते. नकळत दिले आणि वरून तो माणूस प्यायला, तर ते जिवावर बेतू शकते. दुसरीकडे एका खासगी केंद्राने ‘शंभर टक्के खात्री’ देऊन तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागितले आणि त्या काळात घरच्यांनी भेटायचे नाही अशी अट घातली. माझा पगार आणि त्यांचा पगार एकत्र केला तरी ती रक्कम उभी राहणार नव्हती, आणि खरे सांगायचे तर उभी राहिली असती तरी त्या आवाजावर माझा विश्वास बसला नसता.

मग मी इंटरनेटवर शोधू लागले. माहितीच्या एका संकेतस्थळावर सोलापुरातील सभेचा पत्ता, वार आणि वेळ असे सगळे दिलेले होते. गुरुवारी संध्याकाळी मी शाळेतून लवकर निघाले, यजमानांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही दोघे स्कूटरवरून तेथे पोहोचलो. गेटला कुलूप होते. पानटपरीवाल्याने सांगितले की ती मंडळी तेथून केव्हाच गेली. दिलेला फोन नंबर वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही. मी आणखी कोणाला विचारावे म्हणून घुटमळत होते, तेवढ्यात यजमान म्हणाले, ‘‘नाहीच ना सापडत? चल.’’ परत येताना सात रस्त्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो, तेव्हा त्यांची मान कोणत्या बाजूला वळते आहे ते मला मागे बसून दिसत होते. त्या रात्री ते प्यायले. नंतर त्यांनीच मला सांगितले की त्या बंद गेटसमोर त्यांना एका क्षणासाठी सुटल्यासारखे वाटले होते, कारण आता कोणी त्यांना दोष देऊ शकणार नव्हते.

याच कारणासाठी जुना पत्ता ही माझ्या लेखी किरकोळ गैरसोय नाही. बंद दुकानासमोरून माणूस परत फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. दारूत अडकलेला माणूस दारू सोडायला घराबाहेर पडतो ते एखाद्याच संध्याकाळी, आणि ती संध्याकाळ वाया गेली तर पुढची कधी येईल हे घरातले कोणीच सांगू शकत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात असे आढळले होते की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी कोणत्याही प्रकारची मदत मिळाल्याचे एकानेच सांगितले. उरलेल्या ३७ जणांत कुलपापाशी पोहोचून परत फिरलेले किती असतील, हा विचार तो आकडा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्हाला सभा सापडली ती कागदाच्या एका चिठ्ठीवरून. तपासणीसाठी पुन्हा रुग्णालयात गेलो असता मी तेथील समाजसेवा अधीक्षकांपुढे रडले आणि त्यांनी टेबलाच्या काचेखालून एक चिठ्ठी काढून दिली, जिच्यावर नुसता एक नंबर होता. त्या रात्री नऊ वाजता त्या नंबरवरून फोन आला. मी सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, तशी पलीकडची व्यक्ती नम्रपणे म्हणाली, ‘‘वहिनी, तुमचे सगळे ऐकतो, पण आधी फोन त्यांच्याकडे द्या.’’ यजमान गॅलरीत गेले आणि चाळीस मिनिटांनी परत आले. ‘‘हा माणूस मला उपदेश करत नाहीये, स्वतःचेच सांगतोय,’’ एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तोच गृहस्थ अशोक चौकात मोटारसायकल घेऊन उभा होता आणि आमच्या स्कूटरच्या पुढे राहून आम्हाला थेट दारापर्यंत घेऊन गेला.

पुढे वाचनात आले की ही संघटना जन्मली तीच मुळी अशा बोलण्यातून. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा शल्यचिकित्सक, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांशी बोलू लागले आणि एका मद्यप्याने दुसऱ्याशी बोलले की दोघांचाही तो दिवस कोरडा जातो, हे त्यांच्या लक्षात आले. भारतात या सभा १९५७ पासून भरत आहेत. आमच्या गॅलरीत त्या रात्री जे घडले ते अ‍ॅक्रनमध्ये घडले त्याहून फारसे वेगळे नव्हते.

आता प्रत्यक्ष सभेविषयी. सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभेत फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांनाच बसता येते आणि खुल्या सभेत घरचे लोक, डॉक्टर किंवा ज्यांना समजून घ्यायचे आहे असे कोणीही येऊ शकतात. आमच्या सुदैवाने त्या दिवशी खुली सभा होती. भाड्याने घेतलेल्या एका वर्गखोलीत बाके भिंतीला सरकवून प्लास्टिकच्या खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या आणि फळ्यावर दुपारच्या तासाचे भागाकार तसेच होते. वीसेक माणसे असतील. सुरुवातीला चहा आला. यजमानांचे हात तेव्हाही थरथरत होते आणि भरलेला पेला सगळ्यांसमोर हातात घ्यायची त्यांना धास्ती वाटत होती, हे मला त्यांच्या मांडीखाली दडपलेल्या बोटांवरून कळले. चहा देणाऱ्या वयस्कर माणसाने शेजाऱ्याचा पेला काठोकाठ भरला, यजमानांचा मात्र अर्धाच भरला आणि त्यांच्या तोंडाकडे न पाहता पुढे गेला. सगळ्यांना चहा देऊन झाल्यावर तो परत आला आणि उरलेला अर्धा ओतून गेला. त्याबद्दल तो काही बोलला नाही आणि नंतरही कोणी बोलले नाही. सतरा वर्षांत आमच्या नातेवाइकांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते, आणि मलाही नाही.

सभेची पद्धत अगदी साधी असते. ज्याची पाळी येते तो आपले पहिले नाव सांगतो, मी मद्यपी आहे असे म्हणतो आणि आपल्यावर काय गुदरले, काय बदलले आणि आज कसे चालले आहे ते सांगतो. त्याला कोणी मध्येच तोडत नाही, सल्ला देत नाही किंवा दुरुस्त करत नाही. आपल्या शहराची खरी ओळख मला त्या खोलीत झाली. एक यंत्रमाग कामगार बोलला, एक निवृत्त बँक अधिकारी बोलले, एक रिक्षाचालक बोलला. पूर्व भागातले एक अण्णा मराठीत सुरुवात करून, आईच्या मृत्यूचा प्रसंग आला तेव्हा तेलुगूत गेले आणि सात-आठ मिनिटे तेलुगूतच बोलत राहिले. मला त्यातले चार शब्दही कळले नाहीत. तरीही खोलीत कोणी हलले नाही आणि त्यांचे संपल्यावर शेजारच्याने नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला यात नवल वाटणार नाही, पण माहितीपत्रकेही या तिन्ही भाषांत त्याच टेबलावर ठेवली, तर अण्णांसारख्या अनेकांना येणे सोपे जाईल असे मला वाटते.

पैशाबाबत मला जी शंका होती ती पहिल्याच दिवशी फिटली. प्रवेश फी नाही, वर्गणी नाही, नावनोंदणी नाही. सदस्य व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. शेवटी पत्र्याचा एक डबा फिरतो आणि त्यात ज्याला जमेल ते तो टाकतो. नवख्या माणसाला तर टाकू नका असेच सांगतात. त्यातून खोलीचे भाडे आणि चहा-साखर भागते. बाहेरच्या कोणाकडूनही देणगी घ्यायची नाही, असा त्यांचा जुना दंडक आहे, आणि म्हणूनच तेथे कोणाच्या नावाचा फलक किंवा कोणा पुढाऱ्याचा फोटो नाही.

देवाविषयीच्या बोलण्याने काही जण बिचकतात, तेव्हा त्याविषयीही लिहिले पाहिजे. दारूपासून सावरण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो आणि सभेच्या शेवटी सगळे मिळून प्रार्थना म्हणतात. ‘ज्याला जसा उमजेल तसा’ ईश्वर, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आमच्या गटात स्वामींचे भक्त आहेत, नमाजी आहेत आणि देव न मानणारे एक प्राध्यापकही आहेत, जे समोर बसलेल्या माणसांनाच आपल्याहून मोठी शक्ती समजतात. माझ्या यजमानांना या भाषेचा आधार वाटला. ज्याला तो वाटणार नाही त्याने पहिल्या सभेवरून मत बनवू नये, निदान पाच-सहा सभा बसून पाहावे.

आषाढात ते एकदा घसरले. सभेतली माणसे याला ‘स्लिप’ म्हणतात. दोन दिवस ते सभेला गेले नाहीत, कारण आता तेथे कोणत्या तोंडाने जायचे असा त्यांना प्रश्न पडला होता. तिसऱ्या दिवशी तोच मोटारसायकलवाला दारात आला आणि फक्त ‘‘चला, उशीर होतोय’’ एवढेच म्हणाला. त्या दिवशी त्यांनी उठून सगळे सांगितले आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. तेथे कोणी जन्मभराची शपथ घ्यायला लावत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरवायचे असते. जानेवारीत घेतलेल्या शपथेत आणि या निश्चयात किती अंतर आहे, हे मी घरात रोज पाहते आहे.

घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन नावाची वेगळी संघटना आहे, जी १९५१ साली बिल यांच्या पत्नी लोइस यांनी एका मैत्रिणीच्या साथीने सुरू केली. आम्ही शोधत होतो तेव्हा शहरात तिची सभा मला सापडली नाही, म्हणून मी मोबाइलवरून ऑनलाइन सभेला बसते. बंद सभा चालू असताना आम्ही चार-पाच जणी बाहेर व्हरांड्यात बसतो आणि आमचेही बोलणे होतेच. माझ्या वाट्याचे सत्य मला तेथे कळले. वर्षानुवर्षे मी सकाळी कारखान्यात फोन करून ‘त्यांना ताप आहे’ असे सांगत आले आणि त्याला संसार सांभाळणे म्हणत आले. तो फोन मी आता करत नाही.

उणिवा आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. वर्गखोली वरच्या मजल्यावर आहे आणि जिन्यात दिवा नाही. सभेची वेळ संध्याकाळी साडेसातची असल्यामुळे बारा-बारा तासांच्या पाळीत अडकलेल्या यंत्रमाग कामगारांना आठवड्याआड मुकावे लागते. रविवारी सकाळी एखादी सभा ठेवली तर त्यांची सोय होईल. या सव्वा वर्षात दारू सोडण्यासाठी आलेली एकही स्त्री मला तेथे दिसली नाही, आणि वीस पुरुषांच्या गोलात एकट्या बाईने उठून बोलावे अशी अपेक्षा करणे कठीण आहे. तिच्यासाठी फोनवरून बोलायला एखादी बाई तरी उपलब्ध असायला हवी.

सगळ्यांत मोठी उणीव सभा सापडण्याचीच आहे. आम्हाला सांगण्यात येते की गुप्तता हा संघटनेचा पाया आहे. तो मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्यांच्या परंपरांमध्ये, म्हणजे गटांनी पाळायच्या लेखी तत्त्वांमध्ये, जे सांगितले आहे ते वृत्तपत्रांत, रेडिओवर आणि पडद्यावर सदस्याचे नाव येऊ नये याविषयी. सभेचा वार, वेळ आणि चालू असलेला फोन नंबर लपवावा असे त्यांत कोठेही नाही. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरले. त्यातला ‘जोडून देणे’ हा भाग आपल्याकडे एका चिठ्ठीवर चालतो, आणि तीही रडल्यावर काचेखालून निघते. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेऊन तांड्यांवरच्या हातभट्टीवाल्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराची वाट दाखवली, तेव्हा त्याची चर्चा घरोघर झाली. पिणाऱ्याने सोडल्यानंतर कोठे जाऊन बसायचे, याचीही तशीच चर्चा व्हायला हवी. बाह्यरुग्ण विभागात, औषधांच्या दुकानांत आणि कारखान्यांच्या गेटवर तीन ओळींचे एक कार्ड चिकटवले तरी पुरे आहे.

तोवर शोधणाऱ्यांनी पुढीलप्रमाणे करावे. एए इंडियाच्या मुंबईतील मुख्य कार्यालयाच्या संकेतस्थळावर गावनिहाय सभांची माहिती पाहावी आणि निघण्यापूर्वी फोन करून ती सभा आज नक्की आहे का, याची खात्री करावी. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. दोन्हींना पैसे लागत नाहीत. सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात आणि समाजसेवा अधीक्षकांकडे संकोच न करता विचारावे. ज्यांना दाखल होऊन उपचार घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण हे केंद्र माहितीचे आहेच, पण तेथून परतल्यावरही गावात बसायला सभा लागतेच.

शिक्षिकेच्या सवयीने गुण द्यायचे झाले तर सभेला मी पैकीच्या पैकी देईन आणि ती सापडण्याच्या सोयीला काठावरचे.

गेल्या महिन्यात बंद सभेच्या दिवशी आम्ही व्हरांड्यात बसलो असताना खाली रस्त्यावर एक बाई आणि तिचा पंचविशीतला मुलगा इमारतीवरच्या पाट्या वाचत दोनदा पुढे गेले आणि दोनदा मागे आले. तिसऱ्यांदा मुलगा वळून चालू लागला, तेव्हा मी अंधाऱ्या जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली उतरले आणि त्या बाईंना विचारले, ‘‘ताई, सभेला आलात का?’’ ते अक्कलकोटहून एसटीने आले होते. त्या दिवसापासून सभेच्या आधी पंधरा मिनिटे आणि सुरू झाल्यावर पंधरा मिनिटे आमच्यापैकी एक जण खाली गेटपाशी उभी राहते; दर गुरुवारी माझी पाळी असते.